भिंती मालकाच्या, भांडी आमची

आमच्या मालकांनी नोटीस लावली ती संडासाच्या दारावर. डोंबिवलीच्या त्या चाळीत बिऱ्हाडं आठ आणि संडास दोन. सकाळच्या रांगेत प्रत्येकाला त्या दाराकडे बघत निदान पाच मिनिटं उभं राहावंच लागतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. चाळीचा आगीचा विमा उतरवला आहे, त्याचा वर्षाचा हप्ता तीस रुपये आहे, तो आठ बिऱ्हाडांनी सारखा वाटून, म्हणजे खोलीमागे तीन रुपये बारा आणे, पुढच्या भाड्याबरोबर द्यावा, असा मजकूर होता. खाली मालकांची लफ्फेदार सही आणि त्याखाली, 'पाणी ओतल्याशिवाय बाहेर येऊ नये', ही जुनी सूचना.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन एक. मी गावातल्या प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत होते. हे मुंबईला फोर्टात एका विमा कंपनीत कारकून होते. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, भाताच्या खाचरांच्या कडेला ती बैठी कौलारू चाळ होती. बाहेरच्या भिंती विटांच्या, पण मधल्या भिंती नुसत्या फळ्यांच्या, आणि वर कौलांखाली बांबूच्या चटया ठोकलेल्या. शेजारी कोणी शिंकलं की आपल्याकडे 'सत्य आहे' म्हणायची सोय. समोर मालकांचं स्वतःचं दोन मजली घर आणि मध्ये सगळ्यांची मिळून एक विहीर.

मालकांना विम्याची उपरती कल्याणमुळे झाली. तिथे गवताची एक वखार जळाली. दुपारभर धूर दिसत होता. मालक खास बघायला म्हणून गेले आणि हळदीसारखे पिवळे होऊन परत आले. दुसऱ्याच दिवशी छत्री घेतलेले एक विमा एजंट त्यांच्या ओसरीवर चहा पिताना दिसले. सरकारने भाडी गोठवून टाकली होती, तेव्हा भाडं वाढवून हप्ता काढायची सोय नव्हती. मग उरलं संडासाचं दार.

रविवारी चाळीची सभा भरली. अध्यक्षपद न मागताच पहिल्या खोलीतल्या पोस्टमास्तरांकडे गेलं. ते निवृत्त होते आणि पेन्शनीत उरलेला सगळा वेळ अर्ज लिहिण्यात घालवत. एक पैसुद्धा देऊ नये, असं त्यांचं मत होतं. पण त्यांचं प्रत्येक बाबतीत तेच मत असे, म्हणून त्याला कोणी भाव दिला नाही. सगळ्यांच्या माना वळल्या त्या ह्यांच्याकडे. विमा कंपनीतला माणूस चाळीत असताना दुसऱ्या कोणाला काय विचारायचं?

आता हे विमा कंपनीत होते हे खरं, पण ते आयुर्विम्याच्या खात्यात. तिथे ह्यांचं काम म्हणजे विमा उतरवणाऱ्यांच्या लघवीचे रिपोर्ट अक्षरानुक्रमे फायलीला लावणं. आगीशी ह्यांचा संबंध विडी पेटवण्यापुरता. पण बारा-पंधरा माणसं एकदम आपल्याकडे आदराने बघत आहेत, हा प्रसंग ह्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. लग्नातसुद्धा लोक माझ्या शालूकडे बघत होते. ह्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की हप्ता द्यायला हरकत नाही, कारण इमारतीच्या विम्यात आतली माणसं आणि सामान आपोआपच येतं. उद्या आग लागली तर प्रत्येकाला ट्रंकेपासून तांब्यापर्यंत सगळं भरून मिळेल.

सगळे खूश झाले. तीन रुपये बारा आण्यांत अख्खा संसार अमर होत होता.

तेवढ्यात शेवटच्या खोलीतली कोळीणमावशी दारातून बोलली. तिला सभेत कोणी बोलावलं नव्हतं. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीची विधवा बाई. आमच्या शेजारची खोली तिने सुकी मासळी साठवायला घेतली होती. उन्हाळ्यात बोंबील, जवळा, वाकट्या घेऊन ठेवायच्या आणि पावसाळ्यात, ओली मासळी बंद झाली की विकायच्या, असा तिचा धंदा. वासावरून चाळीने पहिल्या वर्षी मालकांकडे दोन शिष्टमंडळं नेली होती. पण ती दुप्पट भाडं देई आणि तेही सहा महिन्यांचं आगाऊ, त्यामुळे मालकांना वास येत नसे.

ती म्हणाली, "भित मालकाची, मासली माजी. माजी मासली जलली तर मालक मना पैसं देल?"

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. ह्यांनी, तो तपशिलाचा भाग आहे, असं सांगितलं आणि सभा संपली.

घरी आल्यावर मी विचारलं, की हे सगळं तुम्हाला नक्की माहीत आहे का? बराच वेळ पान जुळवून झाल्यावर हे म्हणाले, की नक्की असं नाही, पण असायला हवं. दुसऱ्या दिवशी माझ्या हट्टाखातर ह्यांनी वरच्या मजल्यावरच्या आग खात्यातल्या जुन्या हेडक्लार्कना गाठलं. संध्याकाळी आले ते अगदी लहान होऊन. हेडक्लार्क मोठ्याने हसले होते म्हणे. त्यांनी सांगितलं होतं ते असं: मालकाचा विमा म्हणजे भिंती, दारं आणि कौलं. भाडेकरूच्या वाटीलासुद्धा त्यातून छदाम मिळत नाही. इमारत ज्याची त्याने तिचा हप्ता भरावा, सामान ज्याचं त्याने सामानाचा. भाडेकरूला आपल्या चीजवस्तूंचा विमा वेगळा उतरवता येतो. पण उतरवलाच पाहिजे असंही नाही आणि मालकाने तो भरावा असं तर मुळीच नाही.

म्हणजे मावशीने दारात उभं राहून जे विचारलं होतं, तेवढंच सगळं त्या शास्त्रात होतं.

ह्यांनी चाळीत आपलं मत चुकलं असं सांगितलं नाही. आपण आधी बोललो त्यात थोडी दुरुस्ती आहे, असं सांगितलं. दुरुस्ती ऐकून चाळ खवळली. पोस्टमास्तरांना तर दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. ते एजंटाला भेटून आले आणि मालकांच्या पॉलिसीत समोरचं दोन मजली घरसुद्धा आहे, ही बातमी घेऊन आले. म्हणजे मालकांच्या दिवाणखान्यातल्या छताची काळजी आमच्या तीन रुपये बारा आण्यांनी घ्यायची होती. कोणीच हप्ता दिला नाही. नोटीस कोणीतरी फाडली आणि ती फाडून कशाला वापरली हे सांगायची गरज नाही.

मालकांनी सूड घेतला तो विहिरीवर. एका सकाळी पाहावं तर रहाटाची कप्पी गायब. दुरुस्तीला दिली आहे, असं त्यांनी सांगितलं. ती त्यांच्या ओसरीत खुंटीला टांगलेली रस्त्यावरूनही दिसत होती. तेव्हापासून चाळीतल्या बायका नुसत्या दोराने कळशा ओढू लागल्या. माझ्या हाताला घट्टे पडले. वर्गात खडू धरताना ते दुखत आणि दर वेळी मी मनातल्या मनात मालकांना आणि त्यांच्या पाठोपाठ ह्यांना चार शब्द ऐकवत असे.

भांडण ऐकून छत्रीवाल्या एजंटांना चाळीत आठ नवी गिऱ्हाइकं दिसू लागली. ते दारोदार फिरून सांगू लागले, की घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी करा, पुढे किंमत लिहा, आणि कमीत कमी तीन रुपये भरा. आठ दिवस आमच्या चाळीत याद्यांचा सुळसुळाट झाला. कोणाच्या घरात काय आहे ते फळ्यांमधून ऐकू येतच होतं, आता त्याची किंमतही कळू लागली. पोस्टमास्तरांनी आपल्या तसबिरीतल्या निरोपाच्या मानपत्राचे शंभर रुपये लावले आणि बायकोच्या शिवणयंत्राचे चाळीस. त्यांच्या घरी दोन दिवस आमटीला मीठ नव्हतं.

आमचा संसार भरला चारशे बारा रुपयांचा. त्यात ह्यांची बाजाची पेटी धरून. मी यादी मोठ्याने वाचली तेव्हा ह्यांनी एक मुद्दा काढला. बहुतेक भांडी माझ्या माहेरची होती आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रत्येकावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. तेव्हा ह्या सामानाचा हप्ता न्यायाने माझ्या पगारातून जावा, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांचं स्वतःचं असं घरात काय होतं? एक पेटी, एक घड्याळ, दोन कोट आणि अडकित्ता.

मी विचारलं, "आणि त्या भांड्यांत शिजलेलं जेवतं कोण?"

हे म्हणाले, की जेवणाचा विमा उतरवायचा नाहीये.

मालकाने भरायचा की भाडेकरूने, हा प्रश्न चाळीत सुटला होता. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो नव्याने उभा राहिला आणि आठ दिवस उभाच राहिला. शेवटी आम्ही दोघांनी आपापले दीड-दीड रुपये काढले, शनिवारी कल्याणला गेलो, सिनेमा पाहिला, भजी खाल्ली आणि टांग्याने स्टेशनवर आलो. चाळीतल्या बाकीच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच झालं. एजंट छत्री आपटत निघून चालले होते, तेव्हा त्यांना मावशीने हाक मारली.

मासळीचा विमा उतरवायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. ते उंबऱ्याबाहेर नाकाला रुमाल लावून उभे होते. पण सहाशे रुपयांचा माल आहे म्हटल्यावर रुमाल थोडा खाली आला. सात रुपये हप्ता ठरला. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून यादी मी करून दिली. बोंबील एवढ्या पाट्या, जवळा एवढे डबे, वाकट्या, दोन लुगडी, एक पत्र्याची ट्रंक, तराजू. दहा-बारा दिवसांनी पॉलिसी आली ती इंग्रजीत, चार पानी. अंगठा तिने आधीच दिला होता, पण कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय तो ट्रंकेत ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

मी मॅट्रिकच्या इंग्रजीच्या बळावर वाचू लागले. भूकंपाने नुकसान झालं तर मिळणार नाही. शत्रूच्या स्वारीने झालं तर नाही. दंगलीत नाही. स्वतःहून सडलं तर नाही. मावशी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "न् मांजरीनं खाल्ला तर?"

मी पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. मांजरीचा उल्लेख कुठेच नव्हता. मावशी म्हणाली, "मंग यान्ला काय ठावं? मना भूकंपाचा काय भ्याव? मना मांजरीचा भ्याव."

तरी तिने कागद घडी करून लुगड्यांखाली ठेवला. अख्ख्या चाळीत विमा असलेली ती एकटी आणि पॉलिसी वाचलेली मी एकटी.

आग लागली ती पुढच्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, आणि ती लावली मी.

शाळेला सुट्टी होती. चहा करायला म्हणून मी स्टोव्ह पेटवत होते. पिन मारून मारून घासलेट वर आलं आणि वाटीत साचलं. तेवढ्यात दारात पोस्टमन आला म्हणून मी पेटती काडी तशीच त्यात टाकून उठले. माहेरचं पत्र होतं, ते मी तिथेच उभ्या-उभ्या फोडलं. आईने लिहिलं होतं, की प्रकृतीला जप आणि स्वयंपाक करताना पदर सांभाळ. तोपर्यंत स्टोव्ह भडकला होता. ज्वाळेने दोरीवरचं धोतर धरलं, धोतराने वरची चटई. मी वळून पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यावरचं छत तडतडत होतं.

मी ओरडले का, हे मला आठवत नाही. शेजारच्या बायका सांगतात, की मी काही ओरडले नाही. पत्र हातात घेऊन बाहेर आले आणि "जरा बघता का" एवढंच म्हणाले, जणू कोणाच्या घरी विरजण मागायला गेले होते. घरात शिरून काय वाचवावं हे सुचेना. मी धावत आत गेले आणि बाहेर आले ते केरसुणी घेऊन.

दुपारची वेळ, पुरुष सगळे मुंबईला. चाळीत आम्ही बायका, पोस्टमास्तर आणि समोर मालक. सगळ्या कळशा, बादल्या घेऊन विहिरीवर धावल्या आणि मग लक्षात आलं की कप्पी नाही. एक कळशी ओढायला जो वेळ लागत होता, त्यात आमच्या खोलीची दोन कौलं फुटून खाली येत होती. पोस्टमास्तर मालकांच्या घराकडे तोंड करून अर्जात कधी लिहीत नसत अशा भाषेत बोलले. मालक ओसरीतून बाहेर आले ते कप्पी छातीशी धरून, धोतराचा सोगा पायात अडकत. त्यांनी स्वतः ती बसवली आणि तासभर स्वतः पाणी ओढलं. साठीचा माणूस, पण एकदाही थांबला नाही. आपली कौलं होती म्हणून ओढलं असेल. पण ओढलं खरं.

आमची खोली अर्धी वाचली. पेटी गेली, गाद्या गेल्या, ह्यांचे दोन्ही कोट गेले. पितळेची भांडी काळी होऊन का होईना, उरली. पण फळ्यांच्या भिंतीतून आग मावशीच्या खोलीत शिरली होती आणि तिथे मेअखेरचा भरलेला माल होता. सहाशे रुपयांची सुकी मासळी एकदम भाजायला लागली. तो वास स्टेशनपर्यंत गेला. डोंबिवलीतलं प्रत्येक मांजर आमच्या अंगणाच्या कडेला येऊन बसलं आणि पाणी पडेल तशी एकेक उडी मागे सरू लागलं. आमच्या सोवळ्या चाळीत त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाही, असं सगळे सांगत. पण दोन घरांतून मला हळूच विचारणा झाली होती, की अगदीच न जळलेलं असं काही त्यात आहे का. कोणत्या घरांतून ते मी अजून सांगितलेलं नाही.

मावशी बाजारातून आली ती आग विझल्यावर. टोपली खाली ठेवून ती दारात उभी राहिली. मी तिच्यासमोर गेले आणि सांगितलं, की माझ्या स्टोव्हमुळे झालं. इतका वेळ मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग केरसुणीकडे. ती अजून माझ्या हातातच होती. तिने माझ्या हातातून केरसुणी घेतली आणि आपल्या दारातलं काळं पाणी झाडायला लागली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे साडेसातच्या गाडीने आले. आधी मला पाहिलं, मी धड आहे ह्याची खात्री करून घेतली, मग पेटीचा सांगाडा पाहिला. त्या रात्री पोस्टमास्तरांच्या ओटीवर निजलो असताना हे हळूच म्हणाले, की तो सिनेमा तसा बरा नव्हता.

मालकांनी दुसऱ्या दिवशीच जाहीर केलं की आग भाडेकरूने लावली, तेव्हा छपराचा खर्च भाडेकरूनेच दिला पाहिजे. विमा कंपनी देणार नाही, कारण कारस्तान माझं. हा आकडा दोनशेच्या घरात जात होता आणि ह्यांचा पगार शंभराच्या आत. आम्ही दोघंही चार दिवस नीट जेवलो नाही. पोस्टमास्तरांनी माझ्या बाजूने एक सात पानी निवेदन तयार ठेवलं, पण त्यात माझ्यापेक्षा कप्पीबद्दलच जास्त होतं.

पाचव्या दिवशी मुंबईहून विमा कंपनीचे तपासनीस आले. टाय, सोला हॅट, हातात लांबट वही. त्यांनी आधी छपराची मापं घेतली, मग मावशीच्या खोलीत जाऊन जळलेल्या पाट्या मोजल्या. चाळ सगळी अंगणात जमली होती. शेवटी त्यांनी विचारलं, की आग कशी लागली ते कोण सांगणार. मालकांनी माझ्याकडे बोट केलं. मी पुढे झाले. वर्गात चाळीस पोरींना गप्प करणारी मी, माझीच दातखीळ बसली.

मावशीच बोलली. ती तपासनिसांनाही अरेतुरेच करत होती, जशी सगळ्या जगाला करत असे. म्हणाली, "हिचा स्टो भरकला. हिनं मुद्दाम नाय केला. हिचा पन जलला न् हिला तर कोन कायच देनार नाय. लिव तसा."

तपासनिसांनी तसंच लिहून घेतलं. मग मालकांकडे वळून म्हणाले, की लोक कधीच चुकले नसते तर आमची कंपनी कशाला निघाली असती? मुद्दाम लावलेली नाही, म्हणजे अपघात. छपराचे पैसे कंपनी देईल. बाईंकडे मागायचं कारण नाही. मालकांचा चेहरा पडला. पैसे मिळणार होते तरी पडला. मला त्या साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मधे पाट्या होत्या.

मग मासळीचा हिशोब निघाला. साहेबांचं म्हणणं, की सगळा माल जळालेला नाही. खालच्या तीन-चार पाट्या नुसत्या भाजल्या आहेत, त्या विकल्या जातील. मावशी म्हणाली, धुरात पाण्यात भिजलेली मासळी गिऱ्हाईक हातात धरणार नाही. दोघांचं बरंच झालं. शेवटी मावशीने पाटीतून एक बोंबील काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "चांगला हाय ना? मंग खाऊन दाखव."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. हॅट काढून वहीवर ठेवली. बोंबलाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले. मग डोळे थोडे मिटले. मग दुसरा तुकडा मोडला. ते मूळचे कुठल्यातरी किनाऱ्यावरचे असावेत आणि फोर्टातल्या खाणावळीत दिवस काढत असावेत, असं मला वाटलं. पोस्टमास्तरांनी मान फिरवली, पण नाक फिरवलं नाही.

रुमालाला हात पुसून साहेबांनी वहीत चार पाट्या वजा केल्या.

मावशी मला म्हणाली, "मीच मेली शानी." आणि हसायला लागली. ती हसली म्हणून मी हसले, आणि मग साहेबसुद्धा. जाताना त्यांनी त्या वजा केलेल्या पाट्यांतले बारा बोंबील रोख पैसे देऊन विकत घेतले आणि हॅटमध्ये घालून नेले.

तिला साडेचारशेच्या वर काहीतरी मिळाले. मालकांना छपराचे मिळाले आणि त्यांनी जुनीच कौलं वापरून त्यातलेही थोडे वाचवले. आम्हाला काहीच मिळालं नाही, आणि त्याबद्दल कोणाला बोलायची सोय नव्हती. ह्यांना ऑफिसात दोन महिने लोक बोलावून बोलावून ती गोष्ट सांगायला लावत. आग खात्यातले ते हेडक्लार्क तर दर वेळी नव्याने हसत. आम्ही एका उशीवर आणि शेजाऱ्यांच्या सतरंजीवर पावसाळा काढला. माझ्यामुळे जळालं, हे ह्यांनी त्या दिवसांत एकदाही तोंडातून काढलं नाही. मी कितीही चिडवून पाहिलं तरी काढलं नाही. ते मी ह्यांच्या बाजूला कायमचं मांडून ठेवलेलं आहे.

मावशीने पुढच्या वर्षी हप्ता भरला नाही. मी आठवण केली तर म्हणाली, की आता ती कल्याणच्या बाजाराजवळ दगडी गाळा घेणार आहे आणि तिथे शेजारी मी नसणार. हे ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली. गाळा तिने खरंच घेतला. त्या खोलीत मग एक तारमास्तर राहायला आले. त्यांना दोन वर्षं कसला तरी वास येत असे आणि चाळीत कोणी त्यांना काही सांगत नसे.

विमा उतरवला तो मी. दिवाळीनंतर पगार झाला त्या आठवड्यात कल्याणला एजंटांकडे गेले. छत्री कोपऱ्यात ठेवून त्यांनी अर्ज पुढे केला आणि सामानाचा मालक म्हणून यजमानांचं नाव सांगा, म्हणाले. मी म्हटलं, की पैसे मी भरते आहे आणि भांडीही माझी आहेत. त्यांनी थोडा विचार केला, कंपनीच्या नियमात त्याविरुद्ध काही सापडेना, मग माझंच नाव लिहिलं. नव्या गाद्या, भांडी, दोन ट्रंका, माझी शाळेची पुस्तकं, कपडे, असं सगळं मिळून अडीचशे रुपयांचं झालं. तीन रुपयांची पावती पर्समध्ये घालून मी परत आले.

संध्याकाळी ती ह्यांनी दिव्याशी धरून वाचली, मागूनपुढून पाहिली. नाव कोणाचं आहे ते ह्यांच्या लक्षात आलं. मग यादी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "माझं घड्याळ नाही यात?"

मी सांगितलं, की ते तुमचं आहे, तुम्ही उतरवा.

ह्यांनी ते कधीच उतरवलं नाही. पण तेव्हापासून ऑफिसातून आल्यावर घड्याळ स्टोव्हपासून सर्वांत लांब, खिडकीच्या वरच्या खुंटीला अडकवू लागले.